पाच पायऱ्या, लिफ्ट बंद

ही मार्गदर्शिका बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे, मोताळा किंवा आसपासच्या कुठल्याही गावातून जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग होऊन, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घेऊन, सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या सिस्टरसाठी आहे. ब्रदरनेही वाचायला हरकत नाही. नातेवाईक त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतील आणि तुला 'ओ बाई', एवढा फरक धरून चाल.

सोबत काय आणायचं? सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कात्री आणि चार पेनं. त्यातली तीन पहिल्याच राउंडला डॉक्टरांच्या खिशात जातील, चौथं कमरेला दोरी बांधून जपायचं. काय आणायचं नाही? कॉलेजातली केसबुकं. तपकिरी कव्हर घातलेली, लाल-निळ्या शाईने अधोरेखित केलेली, एकेका पेशंटवर आठवडाभर बसून लिहिलेली ती केअर प्लॅनची वही घरी कपाटात ठेव. लग्नाच्या अल्बमशेजारी चालेल. वॉर्डात आणलीस तर सीनियर सिस्टर हसतील. त्या हसण्यात वाईट काही नसतं. त्यांच्या कपाटातही तशीच वही आहे.

आधी थोडा इतिहास, परीक्षेपुरता

शुश्रूषा म्हणजे नुसती सेवा नव्हे, ती एक विचारपूर्वक चालणारी प्रक्रिया आहे, हे १९५५ मध्ये लिडिया हॉल या अमेरिकन परिचारिकेने मांडलं. १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडोचं याच विषयावरचं पुस्तक आलं. १९६७ मध्ये युरा आणि वॉल्श या दोघींनी प्रक्रियेच्या चार पायऱ्या पाडल्या: माहिती घ्या, नियोजन करा, अंमलात आणा, मूल्यमापन करा. १९७३ मध्ये सेंट लुईस शहरात परिचारिकांची परिषद भरली, तिने शुश्रूषा निदानांची यादी करायला घेतली आणि पायऱ्या पाच झाल्या. हे सगळं अमेरिकेत ठरलं. एका खाटेवर एकच रुग्ण असतो अशी त्या बायकांची समजूत होती, आणि त्यांच्या बाजूने ती बरोबरच होती.

आपल्याकडे ही प्रक्रिया इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमातून येते. पहिल्या वर्षापासून शिकवली जाते, परीक्षेत हमखास विचारली जाते, आणि रिझल्टच्या दिवशी तिचं काम संपतं. विद्यार्थिनी एका पेशंटचा प्लॅन लिहितात आणि त्याच वॉर्डातली पगारी सिस्टर चाळीस पेशंटना औषधं देते. दोघी एकमेकींकडे पाहून मान हलवतात. एकीला वाटतं, हिला सगळं विसरायला झालंय. दुसरीला वाटतं, हिला अजून काहीच कळलेलं नाही.

सुरू करण्यापूर्वी: गणित

कौन्सिलचा मापदंड तुला पाठ असेल. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाच खाटांमागे एक, आणि वर रजेसाठी तीस टक्के जादा. नवशिक्या सिस्टरला वाटतं, आपल्याला तीनच पेशंट! तसं नाही. ही एक परिचारिका तीन पाळ्यांत वाटायची असते. म्हणजे मापदंडातलं प्रत्येक पद भरलेलं असलं, कुणी रजेवर नसलं, कुणाची डेप्युटेशनवर रवानगी झालेली नसली, तरी एका पाळीत तिच्या वाट्याला नऊ किंवा पंधरा येतात. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेव्हा त्याला जोडलेल्या रुग्णालयासाठी हा आकडा कागदावर पाचाचा तीन झाला. कागद याबाबतीत फार उदार असतो.

आता आपलं गणित. समजा तुझा वॉर्ड चाळीस खाटांचा आहे, सकाळची ड्युटी सहा तासांची, आणि तू एकटी. तीनशे साठ मिनिटं झाली. 'ओव्हर', म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, घेणं आणि देणं यात एक तास गेला, राहिली तीनशे. डॉक्टरांचा राउंड एक तास, दोनशे चाळीस. इंडेंट, रजिस्टरं, पोर्टलवरची एंट्री यात आणखी एक तास, तोही कमीच धरला, राहिली एकशे ऐंशी. भागिले चाळीस. प्रत्येक पेशंटमागे साडेचार मिनिटं. यात इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, कॅथेटर, रक्ताचे नमुने हे सगळं आलं. उरलेल्या वेळात शुश्रूषा प्रक्रिया राबवायची आहे. चहा यात धरलेला नाही, कारण तो पिऊन होत नाही.

पायरी पहिली: माहिती घेणे

पेशंटजवळ जा, नमस्कार कर, स्वतःची ओळख दे, एकांत राहील याची काळजी घे. पुस्तकात पडदा ओढायला सांगितलं आहे. पडदा असेल तर ओढ.

मग पेशंट शोध. केसपेपरवर बारा नंबर असेल आणि बाराव्या खाटेवर दोघं असतील, तर खाली अंथरलेल्या गादीवरच्या तिसऱ्याला 'बारा-ए' म्हणतात. तुझं माणूस कुठलं ते नाव विचारून पक्कं कर. नाव नातेवाईक सांगतील. तसे ते सगळंच सांगतील. पुस्तकात 'रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत तक्रार' असा रकाना आहे. तू बाबांना विचारशील, "काय होतंय?" आणि सून म्हणेल, "त्याईले रातभर झोपच नाई लागून रायली." मुलगा म्हणेल, "सिस्टर, आधी ते सलाईन पाहा ना व, सपली नं ते." जावई फोनवर कुणाशी तरी बोलत असेल आणि फोन तुझ्या हातात देईल: "साहेबांशी बोला." बाबा गप्प राहतील. त्यांचे स्वतःचे शब्द ऐकायचे असतील तर रात्री दोनला ये. तेव्हा नातेवाईक झोपलेले असतात आणि म्हातारी माणसं खरं बोलतात.

इथे एक सूचना, आणि ही गंमत नाही. अनुभवी वॉर्डातले चार्ट पाहा. ताप ९८.६, नाडी ८०, श्वसन २०. एका रांगेतल्या सगळ्या पेशंटचा श्वास मिनिटाला वीसच चालतो, न्यूमोनियावाल्याचाही आणि फ्रॅक्चरवाल्याचाही. श्वसन मोजायला घड्याळाकडे बघत, पेशंटला न सांगता, पुरतं एक मिनिट उभं राहावं लागतं. चाळीस पेशंटची चाळीस मिनिटं कुठून आणायची? म्हणून वीस. पण माणूस बिघडायला लागतो तेव्हा रक्तदाबाच्या बऱ्याच आधी पुष्कळदा श्वासाची गती वाढते. हा सगळ्यात स्वस्त इशारा आहे. त्याला मशीन लागत नाही, कफ लागत नाही, बॅटरी लागत नाही. चाळीस जणांचा मोजता येणार नाही हे मान्य. ज्या तिघांकडे पाहून तुझ्या पोटात कसंतरी झालं, त्या तिघांचा तरी मोज. बाकीच्यांचं वीस लिहिण्याबद्दल ही मार्गदर्शिका काहीही सांगत नाही.

पायरी दुसरी: शुश्रूषा निदान

निदान करायचं, पण डॉक्टरांचं करायचं नाही. 'न्यूमोनिया' लिहिलंस तर तो त्यांच्या हद्दीत पाय पडला. तू लिहायचं ते असं: घट्ट कफामुळे श्वासमार्ग मोकळा ठेवता येत नाही, लक्षण म्हणजे छातीत घरघर. अडचण, कारण, पुरावा अशा तीन भागांचं वाक्य. डॉक्टर आजाराला नाव देतात. तो आजार या माणसाला जगू-झोपू-हगू कसा देत नाही, ते तू सांगतेस. कल्पना फार चांगली आहे. हिच्यावर कुणाचाच आक्षेप नाही, आणि हिच्याकडे कुणी बघतही नाही.

समजा, सतरा नंबरला मोताळ्याकडचे एक कापूसवाले बाबा आहेत. लकवा मारून चार दिवस झाले. सकाळी तू चादर ओढताना पाहिलंस की माकडहाडावरची कातडी लालसर झाली आहे आणि बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. हा बेडसोरचा पहिला टप्पा. तू निदान लिहिलंस. राउंड आला: पुढे सर, मागे निवासी डॉक्टर, त्यांच्या मागे इंटर्न, पार दारापर्यंत. तू म्हणालीस, "सर, बाबांच्या पाठीला..." सर म्हणाले, "बीपी किती?" तू बीपी सांगितलंस. राउंड अठराला गेला.

यात सरांचा दोष काढू नकोस, त्यांनाही साठ पेशंट आहेत. अडचण वेगळीच आहे आणि पुस्तकात ती कुठल्याच पायरीखाली येत नाही. तुझं निदान कुणालाही काहीही करायला लावत नाही. डॉक्टरने 'अँटिबायोटिक' लिहिलं की औषधभांडारातून बाटली निघते, खर्च पडतो, नोंद होते, नाही दिली तर मेमो निघतो. तू 'बेडसोरचा धोका' लिहिलंस तर काय निघतं? फाइलमध्ये एक कागद वाढतो.

प्राधान्यक्रम ठरवायला पुस्तकात मॅस्लोच्या १९४३ सालच्या मांडणीवरून काढलेला त्रिकोण आहे: तळाशी हवा, पाणी, अन्न, वर सुरक्षितता, प्रेम, प्रतिष्ठा. वॉर्डातला त्रिकोण थोडा निराळा आहे. तळाशी ज्यांच्यासाठी फोन आला ते, त्यांच्यावर जे मोठ्याने ओरडतात ते, त्यांच्यावर ज्यांचे नातेवाईक मोबाइल काढून व्हिडिओ घेतात ते. शिखरावर सतरा नंबरचे बाबा, जे काहीच मागत नाहीत.

पायरी तिसरी: नियोजन

ध्येय असं लिहावं की ते मोजता येईल आणि त्याला मुदत असेल. अल्प मुदतीचं ध्येय: लाली ४८ तासांत कमी होईल. दीर्घ मुदतीचं ध्येय: रुग्ण स्वतः कूस बदलू लागेल. तू कंत्राटी असशील आणि तुझा करार अकरा महिन्यांचा असेल, तर दीर्घ मुदतीची ध्येयं शक्यतो पेशंटची लिही, स्वतःची नको.

योजना सोपी आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड मोकळं ठेवायचं, चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची ठेवायची, प्रथिनं द्यायची, जमलं तर एअर मॅट्रेस घालायची. एअर मॅट्रेस भांडारात आहे. इंडेंट तीन प्रतींत, परिसेविकेची सही, अधिसेविकेची सही, आणि भांडारपाल सोमवारी येतील. आज शुक्रवार आहे.

तर मग कूस बदलू. दर दोन तासांनी म्हणजे दिवसात बारा वेळा. वॉर्डात असे अंथरुणाला खिळलेले सहा जण आहेत, म्हणजे बहात्तर वेळा. नीट बदलायची तर दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात, एका वेळेची दहा माणूस-मिनिटं झाली. सातशे वीस मिनिटं, बारा तास. सहा माणसांची कूस बदलण्यातच रोजचे बारा तास. मावशी एक आहे, ती ओटीत पेशंट सोडायला गेली आहे. मामा ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेला आहे. एक उशी आहे, ती अकरा नंबरच्या जावयाच्या डोक्याखाली आहे.

हे अशक्य आहे असं म्हणण्याआधी एक गोष्ट माहीत असू दे. सेंट लुईसची परिषद १९७३ मध्ये भरली आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि ती पुन्हा उठली नाही. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली साडेएक्केचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला पाहिलं. भरवलं, पुसलं, कूस बदलली. अरुणा जखमी झाली तेव्हा ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशा मुली ट्रेनिंग पुरं करून त्या खोलीत ड्युटीला आल्या. बेडसोर होऊ दिला नाही, ही त्या सगळ्याजणींची ओळखच झाली. इच्छामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेवेची मोकळ्या मनाने वाखाणणी केली.

हे उदाहरण भाषणात वापरायला फार सोयीचं आहे. दरवर्षी १२ मेला नाईटिंगेलबाईंच्या जयंतीला कुणीतरी ते वापरतं, मेणबत्त्या लागतात, गुलाब दिले जातात, आणि 'त्याग' हा शब्द येतो. तू मात्र ते गणित म्हणून वाच. तिथं प्रमाण उलटं होतं. पेशंट एक आणि परिचारिका अख्ख्या रुग्णालयाच्या. ती पेशंट त्यांचीच होती, तिच्याबाबत त्यांचं म्हणणं ऐकलं जात होतं, आणि तिला दुसरीकडे हलवायचं ठरलं तेव्हा त्यांनी विरोध करून ते होऊ दिलं नाही. माणसं, वेळ आणि शब्दाला वजन या तीन गोष्टी मिळाल्या की परिचारिका काय करू शकते याचा हा पुरावा आहे. त्याग तर चाळीस खाटांच्या वॉर्डातली सिस्टरही करतेच. त्याने कूस बदलली जात नाही.

पायरी चौथी: अंमलबजावणी

ही पायरी लिहायला सोपी आहे, कारण हिच्यात शुश्रूषा फारशी येत नाही. धोब्याकडून चादरी मोजून घेणं. डाएटची यादी. फ्रिजचं तापमान. बंद पंख्याचं पत्र. रक्ताचा रिपोर्ट आला का याचा फोन. डेड स्टॉकमध्ये दाखवलेली आणि प्रत्यक्षात २०११ पासून कुणी न पाहिलेली एक स्टीलची बादली शोधणं. स्वच्छतेच्या 'कायाकल्प' योजनेची तपासणी येणार असेल तर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर चिकटवणं. नळाला पाणी आहे का ते वेगळ्या विभागाकडे येतं.

'डॉक्टरांना कळवले' हे वाक्य वेळेसकट लिहायला विसरू नकोस. उद्या काही झालं तर चौकशीत फक्त हेच वाक्य वाचलं जातं. जे लिहिलं नाही ते केलं नाही, असं ट्यूटरने तुला शिकवलं आहे. वॉर्डात त्याची दुसरी बाजू शिकशील: जे लिहिलं ते झालंच. म्हणून आधी स्वतःला वाचवणारे कागद भरले जातात, आणि पेशंटला वाचवणाऱ्या कागदांना वेळ उरला तर बघू.

पायरी पाचवी: मूल्यमापन

लाली ४८ तासांत कमी झाली का ते पाहायचं. ४८ तासांनी सतरा नंबरवर दुसराच माणूस असेल. बाबांना नातेवाईकांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी नेलं असेल, किंवा मोठ्या रुग्णालयात रेफर केलं असेल, किंवा खाट हवी होती म्हणून बावीस नंबरला हलवलं असेल आणि तुझी पुढची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात लागली असेल. शेवटच्या रकान्यात 'ध्येय अंशतः साध्य' असं लिहितात. तपासणी अधिकाऱ्यांना हे उत्तर आवडतं. पूर्ण साध्य लिहिलं तर संशय येतो, असाध्य लिहिलं तर खुलासा मागतात.

नाईटच्या नोटमध्ये 'पेशंट शांत झोपला' हे वाक्य पहाटे चारला सगळ्यांच्या फाइलमध्ये एका दमात लिहितात. त्या वेळी बारा-ए उठून बसलेला असतो.

इथे पुस्तक मिट आणि ओव्हर ऐक

आता तुला जी गोष्ट कुठल्याही तासाला शिकवली नाही ती पाहा. सकाळी आठला नाईटची सिस्टर खाटेखाटेवरून तुला घेऊन जाते. थकलेली असते, केस सुटलेले, आवाज बसलेला. सतराला, जिथे आता दुसरे बाबा आहेत, थांबते आणि म्हणते, "बाबा रात्रभर बसूनच होते गं. आडवं केलं की दम लागतो. दोन उशा देऊन टेकवलं तेव्हा जरा डोळा लागला. लघवी रात्रभरात फार थोडी झाली. सरांना दोनदा सांगितलंय, एकदा इंजेक्शन दिलंय, पण मला तरी फरक दिसला नाही. पाय बघ, सुजलेत. याच्याकडे लक्ष ठेव."

अर्धं मिनिट. मोजून घे यात काय काय आलं. तिने पाहिलं, अडचण ओळखली, उपाय ठरवला, करून पाहिला, त्याचा उपयोग झाला की नाही ते तपासलं, आणि पुढचं काम तुझ्याकडे सोपवलं. लिडिया हॉलला आणखी काय हवं होतं? जी बाई केअर प्लॅनच्या फॉर्मकडे पाहून 'हे पोरींचं काम' म्हणते, तिच्या तोंडून पाचही पायऱ्या रोज सकाळी निघतात. ही प्रक्रिया रुग्णालयात राबवली जात नाही असं प्रबंधांत लिहिलेलं असतं. प्रबंधवाले फाइली पाहतात. ओव्हरला ते आलेले नसतात, कारण ओव्हर आठला सुरू होतं.

आणि तरीही ते पुरत नाही. आठचं बोलणं तू दोनला संध्याकाळच्या सिस्टरला सांगशील, तोवर मधे दोन ॲडमिशन आणि एक मृत्यू झालेला असेल. उशांचं सांगायचं राहील. लघवीचं 'थोडी कमी आहे' होईल. रात्री आठला तिसरी सिस्टर 'सतरा, ठीक आहे' एवढंच ऐकेल आणि बाबांना नीट झोपता यावं म्हणून प्रेमाने आडवं करेल. म्हणून कागद लागतो. कागदाचा मूळ उपयोग एवढाच होता: एकीने पाहिलेलं तिसरीपर्यंत पोचावं. नाईटिंगेलबाईंनी क्रिमियाच्या युद्धातले मृत्यू मोजले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि सरकारच्या नाकासमोर धरल्या, कारण जखमांपेक्षा जास्त सैनिक घाणीने आणि साथीने मरत होते. कागद भरून त्या थांबल्या नाहीत, त्या कागदावरून काहीतरी होईपर्यंत मागे लागल्या.

पोस्टिंग गावाकडेच मिळालं तर

समजा नशिबाने तुला धामणगाव बढेसारख्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑर्डर मिळाली. आई खूश होईल. मापदंडाप्रमाणे तीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि आत सहा खाटा. चाळीसच्या मानाने सहा म्हणजे स्वर्ग. शिवाय पहिली पायरी इथे अर्धी झालेलीच असते. बाई दारात आली की तिचं माहेर, तिची नणंद, मागच्या बाळंतपणात किती रक्त गेलं हे तुला ठाऊक असतं. पाचवीही सोपी: घरी गेलेली पेशंट बाजारात समोरून येते आणि न विचारता मूल्यमापन सांगते. शिवाय आशाताई घरी जाऊन येते आणि येताना सासूचंही मूल्यमापन आणते.

इथली अडचण दुसरी. रात्री तू एकटी असतेस, आणि प्रक्रियेच्या पायऱ्या एकामागून एक न येता एकदम येतात.

पण इथे एक कागद आहे ज्याच्याकडे बघून बाकीच्या कागदांनी लाजावं: पार्टोग्राफ. प्रसूती पुढे सरकते आहे का हे त्यावर रेघेने दिसतं. कळांची संख्या, बाळाचे ठोके, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं. एक इशाऱ्याची रेघ, तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची रेघ. तुझी नोंद इशाऱ्याची रेघ ओलांडून उजवीकडे सरकली, की वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. गाडी मोताळ्यावरून पुढे राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचायला जो वेळ लागतो तो या रेघेत धरलेला आहे, असंच समज. इथे तुला कुणाच्या 'बीपी किती?'ची वाट पाहावी लागत नाही. रेघ सांगते आणि तू पाठवतेस. मला वाटतं, शुश्रूषेतला हा एक कागद असा आहे ज्यावर परिचारिकेची नोंद पडली की गाडीची चाकं हलतात. बाकीच्या फॉर्मना हे जमलं नाही, म्हणून ते फाइलमध्ये झोपले.

अर्थात पार्टोग्राफही बाळंतपण झाल्यावर, चहा पिता पिता, मागच्या वेळा टाकून सरळ सुंदर रेघेत काढता येतो. तो तसा काढलेला असला की लगेच ओळखू येतो. जिवंत प्रसूतीची रेघ इतकी देखणी नसते.

अडचण आल्यास

*सीनियर सिस्टर म्हणाल्या, "असले प्लॅन-बिन इथे चालत नाहीत." काय करू?* — हो म्हण. मग त्यांच्यासोबत ओव्हर घे आणि त्यांनी काय काय पाहिलं ते लक्षात ठेव. महिनाभरात तुला कळेल की त्यांना चालत नाही तो फक्त फॉर्म.

*संगणकावर केअर प्लॅनचं सॉफ्टवेअर येणार आहे म्हणे. मग सोपं होईल ना?* — होईल. आधी हाताने लिहिशील, मग तेच टाइप करशील, मग सर्व्हर बंद असल्याचं रजिस्टरमध्ये लिहिशील.

*संघटनेत जाऊ का?* — जा. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या. लोकांना तो पगाराचा संप वाटला. वर केलेलं साडेचार मिनिटांचं गणित पुन्हा वाच. पद रिकामं राहिलं किंवा अकरा महिन्यांनी बदललं की त्यातली किती मिनिटं जातात ते तुझं तुलाच दिसेल.

*अधिसेविका बाईंनी उद्या सगळ्या फाइलींत केअर प्लॅन हवेत म्हणून सांगितलं. आज एकही नाही.* — तपासणी कधी आहे ते आधी विचार. उद्याच असेल तर रात्री दोघीतिघी बसा, एकीने सांगा, बाकीच्यांनी लिहा, चाळीस होऊन जातील. शाई मात्र दोन रंगांची वापरा. तपासणी पुढच्या महिन्यात असेल तर एकच लिही, सतरा नंबरचा. चार ओळी पुरेत: दोन उशा, आडवं करायचं नाही, लघवी मोजायची, श्वास पंचविसाच्या वर गेला तर सरांना फोन. फाइलमध्ये लावू नकोस, खाटेच्या डोक्याशी चिकटव, आणि दोनला संध्याकाळची सिस्टर आली की तिला तिथे उभी करून वाचायला लाव.